दिजों सोडून सगळी गावं

आमच्या भाऊजींनी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांनी, उभ्या आयुष्यात दिल्लीच्या पुढे पाऊल टाकलेलं नाही. दिल्लीलाही एकदाच गेले, तेही केळीची एक गाडी वाटेत अडकली म्हणून. पण सावद्याहून निघालेली केळी कुठल्या रस्त्यानं वर जाते, कुठल्या घाटात इंजिन तापतं, कुठल्या ढाब्यावर ड्रायव्हर खरंच झोपतो आणि कुठल्या ढाब्यावर झोपलो म्हणून थापा मारतो, हे त्यांना बसल्या जागी पाठ. सगळी हयात त्यांनी केळीच्या गाड्या भरून पाठवण्यात घालवली आणि प्रवास मात्र घरातल्या बंगईवर झोके घेत, कानाला फोन लावून केला.

नाव पितांबर. उंच, सडसडीत, डोक्यावर पांढरी टोपी, बोलणं हळू. राग आला की आणखी हळू. एकुलती एक लेक मयुरी, ती त्यांना नाना म्हणते. तिच्यावर जीव इतका, की ती समोर आली की हे मुद्दाम छताकडे बघत बसायचे. लाड करायचे तेसुद्धा चोरून. शाळेतून यायच्या वेळी कोपऱ्यावर उभे राहायचे आणि ती दिसली की आपण पान खायला आलो होतो असं दाखवायचे. पान ते खातच नाहीत.

असा माणूस यंदा दिवाळीच्या आधी मला फोन करून म्हणतो, "सुलक्षणा, माले थंडीचे कपडे शिवून देजो. आम्ही फ्रान्सले चाललो."

मी जळगावात बायकांना शिवण शिकवते. माझी जीभ माझ्या कात्रीपेक्षा जास्त चालते असं भाऊजींचं जुनं मत आहे आणि ते खोटं नाही. मी म्हटलं, "भाऊजी, भुसावळला लग्नाला जायचं म्हटलं तरी तुमचं आदल्या दिवशी पोट बिघडतं. फ्रान्स कुठं काढलंत?"

"पोरीले भेटाले," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

मयुरी फ्रान्सात दिजों नावाच्या गावात राहते. तिचा नवरा तेजस धुळ्याचा. दोघं जळगावच्या इंजिनिअरिंग कॉलेजात भेटले. थोडी रडारड, थोडे रुसवेफुगवे होऊन दोन्ही घरांनी लग्न लावून दिलं. आधी पुण्यात होते, मग तेजसची नोकरी तिकडे गेली, मागोमाग मयुरीलाही काम मिळालं. आता ती तिथल्या रस्त्यांवरून स्वतः गाडी चालवते.

मी मापं घ्यायला सावद्याला गेले. माझ्या डोक्यात असं, की ही दोघं जातील, लेकीकडे महिनाभर राहतील, खिडकीतून बर्फ बघतील, सुनेसारखी भांडी घासतील आणि परत येतील. ज्यांची मुलं परदेशी आहेत ते सगळे तेच करतात. पण भाऊजींनी आखला होता मोटारीचा दौरा. बंगईवर मांडी घालून त्यांनी मला तो असा सांगितला, जसं एखाद्या ड्रायव्हरला गाडी भरल्यावर सांगत असावेत.

"जिनिव्हाले उतरनं. तठून गाडी. पहिला मुक्काम लिऑन. त्या दिवसात तठी घरोघरी खिडक्यांत दिवे लावतात, आपल्या दिवायीसारखं. मंग बेझाँसों. मंग कोल्मार, तठी लाकडी घरं. मंग स्ट्रासबर्ग. नातायची मोठी यात्रा भरते तठी. मुक्ताईच्या यात्रेसारखीच, फक्त लोकं कोट घालून फिरतात. मंग मेट्झ, अन् शेवटले ब्रसेल्स. तठून विमान."

"ब्रसेल्स तर दुसऱ्या देशात आहे," मी म्हटलं.

"देश दुसरा, बोली तीच. जिनिव्हालेबी फ्रेंच, ब्रसेल्सलेबी फ्रेंच. एकच बोली असली का रस्त्यात विचाराले बरं पडते."

हे सगळं त्यांनी फोनवर व्हिडिओ बघून जमवलं होतं. स्ट्रासबर्गचं नाताळचं झाड किती उंच, कोल्मारला गरम काय मिळतं, कुठल्या चौकात गर्दी होते. मला कौतुक वाटलं आणि मी कौतुकानं ऐकत होते, तेवढ्यात माझ्या लक्षात आलं.

"भाऊजी, आणि दिजों?"

"दिजों रस्त्यात नही येत," ते छताकडे बघत म्हणाले.

आत स्वयंपाकघरात माझ्या बहिणीनं, कुंदाअक्कानं, पातेलं जरा जास्तच जोरात ठेवलं.

आता एक गोष्ट मला इथंच सांगायला हवी, नाहीतर तुम्हाला हा सगळा म्हाताऱ्याचा लहरीपणा वाटेल. आमच्याकडे जुन्या माणसांत एक रीत आहे. लेकीला मूल होईपर्यंत आईबापांनी तिच्या घरी जेवायचं नाही. पाणीसुद्धा प्यायचं नाही. तिच्या सासरीही नाही. आता हे कोण पाळतं? माझ्या ओळखीतले बाप लेकीच्या घरी जाऊन पोह्यांवर खोबरं कमी पडलं म्हणून कुरकुरतात. पण भाऊजींच्या वडिलांनी पाळली, आजोबांनी पाळली, म्हणून भाऊजींनीही पाळली. मयुरी पुण्याला असताना ही दोघं भेटायला जायची ती सावद्याहून डबा घेऊन, आणि रात्री झोपायला लॉजवर. एकदा मीही बरोबर गेले होते, तेव्हा पोरीनं बापाला आवडते म्हणून शेवभाजी केली होती. भाऊजी ताटासमोर बसले, तासभर गप्पा मारल्या, पोरीच्या हाताचं तोंडभरून कौतुक केलं आणि न जेवता उठले. ती शेवभाजी मी जेवले. इतकं वाईट वाटून मी कधी काही खाल्लेलं नाही.

तेव्हा सगळ्यांना वाटायचं, वर्ष-दोन वर्षांची गोष्ट आहे. लग्नाला आता आठ वर्षं होऊन गेली. मयुरीला दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा पोर हाती लागलं नाही. दुसऱ्यांदा तर पाचव्या महिन्यात. त्यानंतर डॉक्टर, सुया, तारखा, पुन्हा डॉक्टर. यंदा उन्हाळ्यात तिनं अक्काला आणि मला एकदमच फोन लावला. म्हणाली, "आम्ही आता थांबवलंय. माझ्या अंगाला झेपत नाही. आम्ही दोघं आहोत, आमचं छान चाललंय. नानांना मी स्वतः सांगेन, समोर बसून. तुम्ही सांगू नका." तिचा आवाज अगदी स्थिर होता. अक्काचा नव्हता.

तर असं होतं सगळं. मूल झालं की बाप लेकीकडे जेवणार, आणि मूल होणार नाही हे बापाला ठाऊक नाही. लेकीला एकच हवं होतं, बापानं एकदा तिच्या घरी येऊन तिच्या टेबलाशी बसून जेवावं. आणि बापानं फ्रान्सभर फिरायचा असा सुंदर बेत आखला होता, की तिचं घर तेवढं चुकेल.

बेताची तयारी मात्र जंगी. झुलाल नावाचा भाऊजींचा जुना ड्रायव्हर आहे, आता भाड्यानं छोटी गाडी चालवतो. तो तरुणपणी केळी घेऊन थेट काश्मीरपर्यंत जायचा. बर्फाचा जाणकार म्हणून त्याला बोलावणं गेलं. झुलाल चहा पिऊन गंभीरपणे म्हणाला, "बर्फावर बिरेक मारनं नही भाऊ. गेर उतरवनं. बिरेक मारला का गाडी आपली राहत नही." भाऊजींनी लगेच तेजसला फोन लावून हा निरोप फ्रान्सात पोचवला. तेजस बिचारा हो म्हणाला. मग टायरची चौकशी झाली. तिकडे थंडीत गाडीला वेगळे टायर घालतात हे ऐकून भाऊजी इतके खूश झाले, की दोन दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला तेच सांगत होते. सकाळी धुकं विरल्याशिवाय गाडी काढायची नाही, हाही हुकूम सुटला. एका डिसेंबरात दिल्लीकडच्या धुक्यात त्यांच्या दोन गाड्या एकमेकींवर आदळल्या होत्या, ते ते अजून विसरलेले नाहीत.

आणि खाण्याचं? भाऊजींनी भात शिजवायचा विजेचा छोटा कुकर आणला होता. अक्कानं ज्वारी-उडदाचं कळण्याचं पीठ दळून ठेवलं होतं, ज्वारीचे पापडासारखे बिबडे, काळा मसाला, केळीचे वेफर. हॉटेलच्या खोलीत खिचडी लावायची आणि मयुरी-तेजसलाही तिथंच जेवू घालायचं, असा बेत. लेकीनं बापाकडे जेवलेलं चालतं, बापानं लेकीकडे नाही.

"तिचं माहेरपन राहून गेलं," भाऊजी मला म्हणाले. "दिवायीले येता येत नही, आखाजीच्या सनाले येता येत नही. मंग मीच घेऊन जातो. जठी मुक्काम, तठी तिचं माहेर. सकाय उशिरा उठू दे, आयतं खाऊ दे. कोनी काही म्हननार नही."

हे ऐकल्यावर मला त्यांच्यावर रागावता येईना. मी मुकाट्यानं त्यांच्या बंडीला आतून लोकरीचं अस्तर लावत बसले.

त्याच दिवशी मयुरीचा व्हिडिओ फोन आला. केस वर बांधलेले, गळ्यात मफलर, नाक लाल. भाऊजींनी छताकडे बघत तिला सगळा दौरा सांगितला. तिनं शांतपणे ऐकून घेतला.

"नाना, लिऑनहून बेझाँसोंला जाताना जरा आत वळलं की आमचंच घर," ती म्हणाली. "एक रात्र?"

"मुक्काम वाढतो."

"मग मुक्काम नका करू. जेवायला थांबा."

"त्यात वेय जातो, पोरी. तिकडे दिवस लहान राहतात."

"हो, लहान असतात," ती म्हणाली. मग मफलर सारखा करत, "मग सगळीकडे हॉटेलच घेऊ ना?"

"घे. अन् तुम्ही दोघंबी आमच्यासंगंच राहा."

"बरं नाना," म्हणून ती हसली. ते हसू मला ओळखता येतं. लहानपणी नवा फ्रॉक आवडला नाही की ती असंच हसून "छान आहे मावशी" म्हणायची. नंतर अक्कानं मला सांगितलं, की आईवडील आपल्या घरी राहायला येणार आहेत असा तिथल्या नगरपालिकेचा कागद मयुरीनं रांगेत उभं राहून आधीच काढून ठेवला होता. व्हिसासाठी तोच लावू म्हणून. आता तो तिच्या कपाटात पडून राहणार होता.

तुळशीचं लग्न झाल्यावर आम्ही धुळ्याला निघालो. तेजसच्या आईला त्याच्यासाठी काहीबाही पाठवायचं होतं, आणि परदेशी जाण्याआधी व्याह्यांना भेटून यावं हे रीतीचंही होतं. गाडी झुलालची. त्यांनी मला जळगावात घेतलं. अक्का आणि मी मागे, भाऊजी झुलालशेजारी पुढे, रस्त्यावर नजर ठेवून, गाडीत केळी भरल्यासारखे.

पारोळा गेल्यावर मला राहवेना. म्हटलं, "भाऊजी, एक विचारते. रागावलात तर रागवा. पोर जेवायला थांबा म्हणते आणि तुम्ही दिवस लहान आहेत म्हणून सांगता. तिला काय वाटत असेल? ही कसली रीत धरून बसलात?"

भाऊजींनी रस्त्यावरची नजर काढली नाही. मग इतके हळू बोलले, की मला पुढे वाकून ऐकावं लागलं.

"रीतीचं काय घेऊन बसली. रीत तर कवाच सोडली असती. तुले वाटते, माले जेवावं नही वाटत तिच्या हातचं?" ते थांबले. "पन मी आता जेवलो, तर त्याचा अर्थ काय व्हतो, सांग. म्हंजे बापानंबी आस सोडली. तिले वाटीन, नानाबी मानून चालले का आता काही व्हनार नही. मी जोवर जेवत नही, तोवर मी म्हनून राह्यलो, व्हईन पोरी, व्हईन. बापाले असं तोंडानं बोलता येते का? मंग मी न जेवता बोलतो."

झुलालनं गाडी नकळत हळू केली होती. अक्कानं पदर तोंडाला लावला. आणि मी, जिला कधी कोणी गप्प करू शकलं नाही, ती गप्प बसले. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि कुणावर रागवावं ते कळत नव्हतं. पोरीला वचन दिलं नसतं तर तिथंच सांगून मोकळी झाले असते. त्या माणसानं आठ वर्षं स्वतःला लेकीच्या घासापासून लांब ठेवलं होतं, तिची आशा जिवंत राहावी म्हणून. आणि तिनं ती आशा केव्हाच निवांत मिटून ठेवली होती.

धुळ्याला कमलबाई, तेजसच्या आई, दारातच उभ्या होत्या. मोठ्या मोकळ्या स्वभावाची बाई. "या व्याही, या! कितला दिन व्हई ग्यात," म्हणून त्यांनी अक्काला मिठीच मारली. घरभर भाजलेल्या वांग्यांचा वास सुटला होता. नव्या थंडीतलं पहिलं भरीत. मला हळूच म्हणाल्या, "तुम्हना सावदासारखं व्हवाव नही, पन खाई देखा." वांग्याच्या भरताच्या गावाहून आलेल्या माणसांना भरीत वाढायचं म्हणजे धाडसच.

जेवायची वेळ झाली. खाली चटया घातल्या, ताटं मांडली. तेजसचे वडील बन्सीलालभाऊ, मी आणि झुलाल. भाऊजी आणि अक्का दिवाणावर बसून राहिले. या घराला ते सवयीचं होतं. कमलबाई आता त्यांना आग्रहसुद्धा करत नसत, मान राखायचा म्हणून. पण आम्हाला वाढताना त्यांचं लक्ष सारखं दिवाणाकडे जात होतं, ते मला दिसत होतं.

तेवढ्यात मयुरीचा फोन आला. रविवार होता, तिच्याकडे सकाळ. कमलबाईंनी मोठ्या हौसेनं फोन सगळ्यांवरून फिरवला. "देख, तुना नाना उनात!"

फोन ताटांवरून फिरला, भरतावरून फिरला आणि दिवाणावर जाऊन थांबला. तिथं तिचे आईवडील हात मांडीवर ठेवून बसले होते, लग्नाला आलेल्या अनोळखी पाहुण्यांसारखे. मयुरीचा चेहरा फोनमध्ये तसाच थिजला. आम्हाला वाटलं फोन अडकला.

मग ती म्हणाली, "मावशी, फोन नानांकडे दे."

मी उष्ट्या हातानं उठले आणि डाव्या हातानं फोन भाऊजींना दिला. भाऊजींनी तो अवघडून, दोन्ही हातांत धरला. छताकडे बघायची सोय नव्हती. फोनमध्ये लेकीकडेच बघावं लागत होतं.

"नाना, मी हे तुम्हाला लिऑनला सांगणार होते," मयुरी म्हणाली. "दिवे बघत चालताना. पण आता तिथपर्यंत धीर नाही मला. नाना, मला मूल होणार नाही. आम्ही थांबवलंय. उन्हाळ्यातच."

कमलबाईंना हे तेजसकडून माहीत असावं. त्यांनी नुसती मान खाली घातली.

"असं नको म्हनू, पोरी," भाऊजी म्हणाले. "डॉक्टर लोकं..."

"डॉक्टर नाही नाना. मी म्हणतेय. माझं मी ठरवलंय आणि मी बरी आहे. खरंच बरी आहे." तिचा आवाज आता हलला. "मग आता सांगा. तुम्ही माझ्या घरी कधीच जेवणार नाही?"

भाऊजींनी फोन आणखी जवळ धरला. म्हणाले, "मी आस धरून बसलो व्हतो, बाई. तुह्यासाठी."

"मला माहीत आहे, नाना. पुण्यातच कळलं होतं मला, तुम्ही शेवभाजीवरून उठलात तेव्हा. म्हणून तर मी एवढी वर्षं काही बोलले नाही. पण आता ती आस मला जड होते. ती तुम्ही खाली ठेवा, आणि जेवायला या."

मी भाऊजींना पहिल्यांदा रडताना पाहिलं. आवाज नाही, काही नाही. नुसतं पाणी, खाली पांढऱ्या सदऱ्यावर. त्यांनी ते पुसलंही नाही. बन्सीलालभाऊ हातातला घास तसाच धरून बसले होते.

मग भाऊजी उठले. फोन हातात तसाच. दिवाणावरून उतरले, माझ्या शेजारी चटईवर येऊन मांडी घालून बसले आणि म्हणाले, "विहीनबाई, माले ताट करा."

कमलबाई आत धावल्या. ताट आणायला गेल्या की रडायला, कोण जाणे, पण ताट आणलं. अक्कानं तर वाटसुद्धा पाहिली नाही. ती माझ्या दुसऱ्या बाजूला बसली आणि माझ्याच ताटातली भाकरी मोडून भरताला लावली. आठ वर्षांची भुकेली असावी तशी. मी तिला म्हटलं, "अगं, माझ्यापुरतं तरी ठेव," आणि सगळे एकदम हसलो, नाक ओढत.

झुलालनं फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला. भाऊजी आधी पाणी प्यायले. अख्खा पेला, एका दमात. मग फोनकडे बघून, नेहमीच्या गाडी भरायच्या आवाजात म्हणाले, "सगळी हॉटेलं काढून टाक. सामान तुह्या घरी ठेवू. तठून सकाय निघनं, गावं देखनं, रात्री जेवाले घरी. लांबचं राहिलं ते राहिलं. ब्रसेल्स राहू दे."

"ब्रसेल्सला पण नेते मी, नाना," मयुरी म्हणाली. "पण आधी घरी या."

"धुकं उठल्यावर गाडी काढजो."

"हो नाना."

भाऊजींनी भाकरीचा तुकडा मोडला, भरीत घेतलं आणि घास तोंडात घातला. आम्ही सगळे बघत होतो. कमलबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभ्या होत्या. तिकडे दिजोंमध्ये मयुरी फोनच्या इतकी जवळ आली होती, की तिचे नुसते डोळे दिसत होते.

"कसं झालंय, नाना?"

भाऊजींनी घास नीट चावला, गिळला. लोकांकडे जेवायला गेले की ते काहीही असो, छान झालंय म्हणतात, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांनी कमलबाईंकडे पाहिलं, मग फोनकडे.

"मीठ कमी हाये," ते म्हणाले.

कमलबाईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग मयुरी हसायला लागली, आणि हसता हसता रडायला.

"मग मागून घ्या ना, नाना," ती म्हणाली. "लेकीच्या घरात बसलाय तुम्ही."

भाऊजींनी ताट पुढे केलं.